ग्लासगोची टेनेमेंट्स: बदनामी दगडाची की दाटीची?

क्लाइडकाठचा

ग्लासगोत भाड्यानं घर शोधायला निघालात की एजंट आधी उंच छत दाखवतो, मग खिडकीचा कोनाडा, मग दारावरची रंगीत काच. 'व्हिक्टोरियन टेनेमेंट' हे शब्द तो अशा सुरात उच्चारतो की भाडं त्या सुरातच वाढलेलं असतं. याच शहराची महापालिका साठ-सत्तर वर्षांपूर्वी याच जातीच्या इमारती रस्तेच्या रस्ते पाडत होती, आणि तेव्हा त्यासाठी हळहळणारे थोडेच होते.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. टेनेमेंट ही इमारत म्हणून कधीच वाईट नव्हती. वाईट होती ती तिच्यात कोंबलेली माणसं... म्हणजे माणसं नव्हे, कोंबणं. त्याच्या जोडीला भाडं घेऊन पन्हळही साफ न करणारे मालक, आणि पुढे सगळा ठपका दगडावर ठेवणारे नियोजनकार.

ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडं वर्णन. रस्त्याला लागून सलग इमारती, तळमजला धरून बहुधा चार मजले. पुढून घडीव वालुकाश्म, मागून ओबडधोबड दगड, कारण मागे बघतंय कोण! रस्त्यावरून एक बोळ आत जातो, त्याला क्लोज म्हणतात. तिथून दगडी जिना वर जातो आणि प्रत्येक मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडं. बोळ ओलांडला की मागचं समाईक आवार, धुणं धुवायची खोली, कचऱ्याची जागा, वाळत घालायच्या दोऱ्या. मजल्यांच्या लाकडी तुळयांमध्ये राख भरलेली असते, वरच्यांच्या पावलांचा आवाज खाली पोचू नये म्हणून. जुना दगड पिवळसर, गिफनॉक-बिशपब्रिग्ज अशा जवळच्या खाणींतला. त्या आटत आल्या तेव्हा १८९०च्या सुमारास रेल्वेनं डम्फ्रीसकडचा लाल दगड यायला लागला. त्यामुळे इथे चालता चालता भिंतीच्या रंगावरून इमारतीचं वय सांगता येतं. वर्गभेद जिन्यापासूनच सुरू होतो. बऱ्या घरांच्या क्लोजला खांद्यापर्यंत चकचकीत टाइल्स (त्याला 'वॉली क्लोज' म्हणतात), गरिबांच्या क्लोजला नुसता रंग नाहीतर चुना.

आता गॉर्बल्स. 'युरोपातली सगळ्यात भयंकर झोपडपट्टी' असली बिरुदं मिळवलेला भाग. त्यातलं लॉरिस्टन हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉरी बंधूंनी धनिकांसाठी आखलेलं उपनगर होतं, हे किती जणांना माहीत आहे? रस्त्यांची नावं बघा, नॉरफोक, बेडफर्ड, ऑक्सफर्ड. सगळा थाट सरदारी. मग शेजारी लोखंडाच्या भट्ट्या आल्या, धूर आला, पैसेवाले पश्चिमेला सरकले. त्यांची ऐसपैस घरं मालकांनी मध्ये पार्टिशनं घालून खोली-खोलीनं भाड्याला लावली. पहिल्या पिढीला जे घर मानाचं वाटलं ते तिसऱ्या पिढीला नरक वाटलं. एवढ्या काळात दगड बदलला का?

१९५७मध्ये महापालिकेनं शहराचे २९ भाग 'सर्वंकष पुनर्विकासा'साठी ठरवले. गॉर्बल्समध्ये बेझिल स्पेन्स या नावाजलेल्या वास्तुविशारदानं उंच काँक्रीटचे ठोकळे उभारले. ते १९९३मध्ये सुरुंग लावून पाडले, आणि पाडताना बघ्यांमधली एक बाई ठार झाली. ज्यांच्या जागी ते आले त्या टेनेमेंट्सनी त्यांच्या तिप्पट वय काढलं होतं. रेड रोडचे ३१ मजली टॉवरही २०१५पर्यंत गेले. आणि ज्या टेनेमेंट्स पाडायच्या राहून गेल्या, त्यांतला फ्लॅट घ्यायला आज लोक बोली लावतात.

बोला.

निमित्तमात्र

लिहिलंय झकास. मुद्दा मात्र मला साफ अमान्य आहे.

तुम्ही आज ज्या टेनेमेंट्स बघताय त्या वाचलेल्या आहेत, आणि वाचल्या त्या बहुतेक चांगल्या होत्या म्हणून. हाइंडलंडचा लाल दगड, वॉली क्लोज, पुढे गोलाकार खिडक्या. तिथे गोदीतला हमाल कधीच राहिला नाही, तिथे राहिले हेडमास्तर आणि जहाज कंपन्यांचे कारकून. वाईट होत्या त्या पाडल्या गेल्या. शंभरातल्या बऱ्या तीस बघून 'ही जातच बरी' म्हणणं हा निकाल नव्हे.

दुसरं. 'कोंबलं हा दोष, इमारतीचा नाही' हे वाक्य ऐकायला छान आहे. पण 'सिंगल एंड' काय होतं? एकच खोली. तिच्यात चूल, तिच्यात खिडकीखाली नळाची मोरी, भिंतीतल्या कोनाड्यात पलंग, त्या पलंगाखालून रात्री ओढून काढायचा दुसरा पलंग. मोठं घर तोडून ही खोली झाली असं दर वेळी नव्हतं. ती नकाशावर तशीच काढलेली होती, डीन ऑफ गिल्ड कोर्टानं (बांधकामाला परवानगी देणारं न्यायालय) तशीच मंजूर केलेली होती. 'रूम अँड किचन' म्हणजे दोन खोल्या, ती कामगारातली बरी स्थिती. १९५१च्या जनगणनेतही ग्लासगोतली निम्मी घरं एक-दोन खोल्यांचीच निघाली. याला गैरवापर म्हणायचं की बांधणाऱ्याचा हेतू?

तिसरं. १८६२च्या कायद्यानंतर लहान घरांच्या दारावर पत्र्याची पाटी ठोकायला सुरुवात झाली. खोलीचं घनफळ किती आणि आत किती प्रौढ झोपू शकतात, ते त्यावर. माणशी ३०० घनफूट. रात्री-अपरात्री निरीक्षक दार ठोठावून डोकी मोजायचे आणि लोक छपरावर, कपाटात लपायचे. शतक संपायच्या आत अशी पाटी लागलेली घरं २० हजारांच्या वर गेली होती. शहराचे आरोग्याधिकारी जेम्स बर्न रसेल यांनी १८८८च्या एका व्याख्यानात श्रोत्यांना एका खोलीतलं आयुष्य समजावून सांगितलं. मूल दगावलं तर त्याचं प्रेत टेबलावर नाहीतर फळीवर ठेवतात, आणि भावंडं त्याच खोलीत जेवतात, खेळतात, झोपतात. ते ऐकल्यावर मला रंगीत काच बघवत नाही.

टवाळ

एजंटच्या हाती हा धागा लागू देऊ नका. 'ऐतिहासिक पत्र्याची पाटी' म्हणून आणखी पन्नास पौंड लावेल.

क्लाइडकाठचा

@निमित्तमात्र, रसेलचं व्याख्यान मीही विसरू शकत नाही. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

'वाचल्या त्या चांगल्या होत्या' याला एक मोठं उत्तर आहे, ते म्हणजे गोव्हनमधला टॅरन्से स्ट्रीट. जहाजबांधणी कामगारांची वस्ती, वॉली क्लोज वगैरे काही नाही, संडास जिन्यात समाईक. १९७०च्या आसपास हा रस्ताही पाडायच्या वाटेवर होता. स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातला रेमंड यंग नावाचा वास्तुकलेचा विद्यार्थी तिथे गेला आणि त्यानं रहिवाशांना विचारलं, तुम्हाला हवंय काय? लोकांना गोव्हन सोडायचं नव्हतं, त्यांना न्हाणीघर हवं होतं. मग त्यानं पलंगाच्या त्या कोनाड्यातच न्हाणीघर बसवून दाखवलं. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ एकाखाली एक, वरपासून खालपर्यंत. शेजारच्या दोन लहान घरांचं एक केलं. त्यातून 'असिस्ट' नावाचा गट उभा राहिला, रहिवाशांची गृहनिर्माण संस्था झाली, आणि १९७४च्या गृहनिर्माण कायद्यानं सरकारी पैसा आल्यावर हीच रीत शहरभर पसरली. ज्या कोनाड्याला तुम्ही गुन्हेगार ठरवताय त्याच्यातच उपाय सापडला. काँक्रीटच्या ठोकळ्यात असला फेरफार करून दाखवा बरं.

निमित्तमात्र

म्हणजे न्हाणीघर घातलं, दोन घरांचं एक केलं, माणसं निम्मी केली, मालक बदलला, सरकारी अनुदान ओतलं. एवढं केल्यावर उरलं काय, तर पुढची भिंत आणि जिना. आणि श्रेय इमारतीला! अहो, एवढं केलं तर तबेल्यातही राहता येईल.

श्रेय द्यायचं तर त्या रहिवाशांना द्या. तिथल्या बायांना द्या. १९१५मध्ये नवरे आघाडीवर किंवा गोदीत, आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगार येताहेत म्हणून मालकांनी भाडी वाढवली, तेव्हा गोव्हनमध्ये मेरी बार्बरनं भाडेबंदी उभी केली. बेलिफ जप्तीला आला की घंटा वाजवायची, सगळ्या जिन्यांतून बाया खाली, आणि पिठाच्या पुड्यांचा मारा. वीस हजारांवर घरांनी भाडं थांबवलं. नोव्हेंबरात न्यायालयासमोर प्रचंड मोर्चा गेला आणि वर्ष संपायच्या आत लंडनच्या सरकारला भाडी गोठवण्याचा कायदा करावा लागला. बार्बरबाईंचा पुतळा गोव्हनमध्ये उभा राहायला मात्र २०१८ उजाडलं.

क्लाइडकाठचा

घंटा वाजल्यावर सगळ्या बाया एकदम खाली येऊ शकल्या त्या एकाच जिन्यामुळे, एकाच आवारामुळे. एकेकटी बंगली असती तर शेजारणीला पत्ताही लागला नसता. तुमचं उदाहरण माझ्याच पारड्यात पडतंय, बघा.

हिशेबी

दोघेही पैशाबद्दल बोलत नाहीयेत. जरा त्याबद्दल.

ग्लासगोत चार मजली दगडी घरं का बांधली आणि मँचेस्टर-लीड्समध्ये विटांच्या दुमजली ओळी का? एक मोठं कारण म्हणजे स्कॉटलंडची फ्यू-ड्यूटी. जमीन विकणारा तिच्यावर कायमचा वार्षिक आकार बसवून ठेवायचा. पिढ्या बदलल्या तरी तो आकार जमिनीबरोबर चालू. मग बिल्डर काय करणार? तेवढ्याच जमिनीवर जास्तीत जास्त भाडी रचणार. ही पद्धत कायद्यानं पूर्ण संपली नोव्हेंबर २००४मध्ये. हो, २००४, छापताना चूक झालेली नाही.

आणि 'मालक' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मिशीवाला सावकार येतो. त्यातले पुष्कळ जण किराणा दुकानदार, विधवा, पुंजी गुंतवलेले लहान लोक होते, कर्ज काढून इमारत घेतलेले. १८७८ला सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली तेव्हा बांधकामही बसलं आणि अशी बरीच कुटुंबंही. १९१५नंतर भाडी गोठली ती या ना त्या रूपात दशकानुदशकं. भाडं जागच्या जागी आणि छपराचा खर्च वाढता, मग गिलावा कोण करणार? १९५०मध्ये ज्या काळ्याठिक्कर गळक्या इमारती दिसल्या त्यात भाडेनियंत्रणाचाही वाटा आहे. मेरी बार्बरचा पुतळा जरूर उभारा, पण त्या विजयाची किंमत छपरानं चुकवली.

परळची पोर

@हिशेबी, हे शेवटचं वाक्य मी मुंबईत लहानपणापासून ऐकत आलेय. भाडेकरू आणि पागडीला शिव्या देऊन झाल्या की त्यामागोमाग हेच येतं.

हे दोन शहरांतलं नुसतं साम्य नाही, सरळ नातं आहे. ग्लासगोनं १८६६मध्ये कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, जुन्या शहरातले बोळ पाडायला. पाडण्याआधी थॉमस ॲनन या छायाचित्रकाराकडून त्या बोळांचे फोटोही काढून घेतले. ते आज कलादालनांत लावतात. १८९६ला मुंबईत प्लेग आला आणि १८९८मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला तो याच ग्लासगोच्या नमुन्यावर. दोन्हीकडे पाडलं भराभर, बांधलं सावकाश. ज्यांच्या खोल्या पाडल्या ते बाजूच्या गल्लीत जाऊन आणखी दाटी करून राहिले. आणि ज्याच्या नमुन्यावर मुंबईत प्लेगचा उपाय चालला होता, त्या ग्लासगोच्या गॉर्बल्समध्येच १९००च्या उन्हाळ्यात प्लेग निघाला, १६ माणसं गेली. १९१५च्या विलायती कायद्यानंतर मुंबईतही १९१८मध्ये युद्धकाळाचा भाडेकायदा आला.

मी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत वाढले. १९२०च्या दशकातली काँक्रीटची इमारत, मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, मजल्यावर वीस बिऱ्हाडं, टोकाला संडास. गणपती आणि क्रिकेटबद्दल काही विचारू नका, त्यावर सगळे लिहितात. मी सांगते ती बारावीच्या परीक्षेची गोष्ट. रात्री आजोबांचा खोकला, काकांची सेकंड शिफ्ट, आईची चारची पाण्याची वेळ. अभ्यास मी जिन्यात केला. बाहेरून आलेली मंडळी आमच्या चाळीचे फोटो काढतात आणि 'काय ती एकोप्याची संस्कृती' म्हणतात, तेव्हा मला त्यांना आठवडाभर तिथल्या संडासाच्या रांगेत उभं करावंसं वाटतं.

त्यामुळे माझं मत निमित्तमात्र यांच्या बाजूला. दार उघडं ठेवावं लागणं आणि दार उघडं ठेवावंसं वाटणं यांत फरक आहे.

टवाळ

परळताईंना दंडवत. धागाकर्ते, आता जिन्याचं कौतुक जपून करा.

क्लाइडकाठचा

परळताई, तुमच्या अनुभवापुढे मी वाद घालत नाही. पण एक विचारतो. तुम्हाला तीच चाळ पण ३२० फुटांचं घर, आत संडास आणि टिकणारं छप्पर मिळालं असतं, तर? की चाळीस मजली टॉवरच हवा होता?

परळची पोर

आईला विचारलं. ती म्हणाली, टॉवर, आणि लिफ्ट चालू असेल तर.

आता वरळीच्या बीडीडीत पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, २०२५ला. दोनशेच्या आसपास चाळींचं काम आहे, वर्षानुवर्षं चालेल. देखभालीचं बिल कोण भरणार, लिफ्ट दहा वर्षांनी कोण दुरुस्त करणार, हे प्रश्न मलाही पडतात. पण तुमचा टॅरन्से स्ट्रीट मुंबईत होऊ शकला नाही याचं कारण आम्हाला दगडाची कदर नाही हे नव्हे. दोन घरांचं एक करायचं तर दुसऱ्या घरातल्यांना कुठे पाठवायचं? ग्लासगोची लोकसंख्या तेव्हा उतरत होती, नवी उपनगरं आणि नवी गावं माणसं ओढून घेत होती. रिकाम्या खोल्या होत्या म्हणून जोडता आल्या. परळला रिकामी खोली कुणी पाहिलीय?

निमित्तमात्र

हा मुद्दा चौकटीत लावून ठेवण्यासारखा आहे.

चुनखडी

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या धंद्यात आहे, स्कॉटलंडमध्येच. तुमच्या तात्त्विक भांडणात थोडा चिखल घालतो.

इमारत चांगली की वाईट हे पुढच्या भिंतीवरून ठरवू नका, पन्हळीवरून ठरवा. वालुकाश्म पाणी पितो आणि सोडतो. मूळ दरजा चुन्याच्या, त्यांतून ओल बाहेर पडायची. विसाव्या शतकात लोकांनी त्या खरवडून सिमेंट भरलं. सिमेंट पाणी सोडत नाही, मग ओल दगडातून वाट काढते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सत्तर-ऐंशीच्या दशकात टेनेमेंटला मान आला तेव्हा आणखी एक खूळ आलं, भिंती धुवायचं. शंभर वर्षांची काजळी वाळूच्या फवाऱ्यानं आणि रसायनांनी उडवली. शहर एका रात्रीत काळ्याचं सोनेरी दिसायला लागलं, पर्यटकांना आवडलं, पण कैक भिंतींवरचा दगड त्यात कायमचा दुखावला. म्हणजे बदनामीत तिची उपेक्षा झाली आणि कौतुकात तिची कातडी सोलली.

१५ जानेवारी १९६८च्या पहाटेचं वादळ या धाग्यात अजून कसं आलं नाही याचं नवल वाटतं. स्कॉटलंडभर २० माणसं गेली, त्यातली बरीच ग्लासगोत. दुरुस्तीविना उभी असलेली धुराडी छपरं फोडून झोपलेल्या माणसांवर कोसळली. चार मजली टेनेमेंटच्या एका धुराड्यात डझनावारी शेकोट्यांच्या नळ्या एकत्र येतात, ते काही टनांचं वजन असतं. घरं गळायला लागली आणि किती घरं मुळात धोक्यात होती ते उघडं पडलं. पाडायचं की दुरुस्त करायचं हा वाद त्यानंतर तापला. धागाकर्ते म्हणतात इमारत कधीच वाईट नव्हती. मी म्हणेन, दुरुस्ती थांबली की कुठलीच इमारत चांगली राहत नाही, आणि ही तर दुरुस्ती फार मागते.

क्लाइडकाठचा

चुनखडीसाहेब, तुम्ही माझ्याच बाजूचे आहात, फक्त कबूल करत नाही. उपेक्षा केली म्हणून पडली, असंच म्हणताय ना?

चुनखडी

नाही. उपेक्षा होणार हे जिच्या रचनेतच आहे अशी इमारत, असं म्हणतोय. एक छप्पर आणि आठ मालक. भाड्याच्या काळात निदान मालक एक होता. आता फ्लॅट विकत घेतलेले आठ जण. कुणी पहिलं घर घेतलेलं जोडपं, कुणी दुबईत बसून भाडं खाणारा, कुणी पेन्शनीतली आजी. तळमजल्यावरचा म्हणतो, मला गळत नाही, मी का देऊ?

२००४च्या टेनेमेंट्स कायद्यानं बहुमताचा नियम आणला. खरेदीखतात वेगळं काही नसेल तर छपराचा खर्च सगळ्यांवर, तळमजल्यावरच्यावरही. फ्लॅट फारच लहान-मोठे असतील, म्हणजे मोठा लहानाच्या दीडपटीहून जास्त, तर क्षेत्रफळाप्रमाणे. कागदावर उत्तम. पण मालकांचा संघ करायची सक्ती नाही, दुरुस्तीसाठी दरमहा निधी साठवायची सक्ती नाही. आपल्याकडच्या सोसायटीची वार्षिक सभा कितीही भांडकुदळ असो, निदान ती भरते तरी! शहरात १९१९पूर्वीचे असे ७० हजारांवर फ्लॅट आहेत.

क्लाइडकाठचा

यावर माझ्याकडून अनुभवाची भर. आमच्या जिन्यात 'फॅक्टर', म्हणजे देखभाल बघणारी कंपनी आहे. नाव सांगत नाही. छपराच्या एका कोपऱ्यातल्या शिशाच्या पत्र्यासाठी पत्रव्यवहार सुरू झाला, त्याला दोन हिवाळे लागले. दरम्यान वरच्या बाईंनी पलंग सरकवून बादली ठेवली. शेवटी जिन्यातल्या एका पोलिश सुतारानं सगळ्यांकडून पैसे गोळा केले आणि काम करवून घेतलं. मला ज्या गोष्टीचं कौतुक आहे ती हीच आहे, पण ती कायद्यावर चालत नाही हे चुनखडींचं म्हणणं खरं आहे.

श्प्रेकाठी

बर्लिनहून. इथेही हाच तमाशा झालाय. एकोणिसाव्या शतकातल्या 'मीट्सकासर्ने', म्हणजे भाड्याच्या बराकी. रस्त्यावर नक्षीदार दर्शनी भाग, त्यामागे एकामागे एक अंगणं. जुन्या नियमानं अंगण कमीत कमी ५.३४ मीटर लांब-रुंद हवं, का, तर आगीचा बंब वळला पाहिजे. उन्हाचा विचार त्यात नव्हता. मागच्या अंगणातल्या घरात सूर्य यायचाच नाही. सत्तरच्या दशकात क्रॉइत्सबर्गमध्ये त्या पाडायला लागले तेव्हा तरुण पोरं रिकाम्या घरांत घुसून बसली. ऐंशीच्या दशकात धोरण बदललं, आहेत त्या रहिवाशांसकट सावकाश दुरुस्ती. बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्व बर्लिनच्या प्रेंझलाउअर बेर्गचंही नशीब फळफळलं. इमारती वाचल्या, पण तिथले जुने भाडेकरू आता फारसे दिसत नाहीत. ग्लासगोत वेगळं आहे का?

निमित्तमात्र

वेगळं आहे, आणि हे मी धागाकर्त्यांच्या बाजूनं बोलतोय, नोंद घ्यावी. सत्तरच्या दशकातल्या त्या दुरुस्त्या मुख्यतः रहिवाशांनी चालवलेल्या गृहनिर्माण संस्थांनी केल्या. त्यामुळे गोव्हनसारख्या भागात दुरुस्त टेनेमेंटमध्ये आजही परवडणाऱ्या भाड्यानं लोक राहतात. गोव्हनहिलमध्ये उलटं झालं. खासगी मालकांनी स्थलांतरितांना पुन्हा जुन्याच पद्धतीनं कोंबलं, आधी आयरिश, मग आपल्याकडचे आणि पाकिस्तानी, आता पूर्व युरोपातले रोमा. शेवटी तिथल्या संस्थेला शेकड्यांनी फ्लॅट मालकांकडून विकत घेऊन दुरुस्त करावे लागले. दोन्हीकडे दगड तोच. त्या अर्थानं, हो, दगड निर्दोष.

पण 'टेनेमेंटचं वैभव' म्हणून जे दाखवलं जातं त्यावर माझा राग कायम आहे. गार्नेटहिलला बकलू स्ट्रीटवर नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडनं एक घर जसंच्या तसं जपलंय. ॲग्नेस टोवर्ड नावाच्या टायपिस्ट बाई १९११पासून पन्नासहून जास्त वर्षं तिथे राहिल्या आणि त्यांनी काही फेकलंच नाही. जरूर बघा, घर सुंदर आहे. पण त्या घरात चार खोल्या आहेत आणि स्वतःचं न्हाणीघर आहे. १८९२च्या इमारतीत! पर्यटक ते बघून 'टेनेमेंटमध्ये लोक असे राहायचे' म्हणून बाहेर पडतो. सात माणसांचा सिंगल एंड कुणी जपला नाही.

हिशेबी

जपला असता तर तिकीट कोण काढणार?

परळची पोर

@हिशेबी, मी काढीन. आणि आईला घेऊन जाईन, तिचा अभिप्राय ऐकण्यासारखा असेल.

गेडीसचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून घेते. पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश नगररचनाकार १८८०च्या दशकात बायकोसह एडिंबरोच्या जुन्या शहरातल्या जेम्स कोर्टमध्ये, म्हणजे त्या वेळच्या गलिच्छ वस्तीत, राहायला गेला. सगळं न पाडता मोजकंच पाडायचं, उजेड-हवा आत घ्यायची, बाकीचं रंगवून-दुरुस्त करून त्याच लोकांना ठेवायचं, हा त्याचा मार्ग. पुढे तो हिंदुस्थानात आला, गावोगावचे अहवाल लिहिले, १९१९ला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. म्हणजे ग्लासगोहून पाडायचा नमुना आणि एडिंबरोहून न पाडायचा नमुना, दोन्ही आमच्या दारात आले होते. तो शिकवत होता त्याच वर्षांत बीडीडी चाळी बांधल्या जात होत्या.

क्लाइडकाठचा

ही जोडणी मला सुचली नव्हती, पण माझ्या बाजूनं वापरतो: न पाडायचा नमुना हाताशी असताना पाडायचा उचलला, यात इमारतीचा काय दोष?

आणि 'फार दुरुस्ती मागते' याला एक उत्तर नीड्री रोडवर आहे. तिथे आठ फ्लॅटची शंभरी ओलांडलेली रिकामी टेनेमेंट एका गृहनिर्माण संस्थेनं घेतली आणि आतून इन्सुलेशन, नव्या खिडक्या, हवा खेळवायची यंत्रणा घालून पॅसिव्ह हाउसच्या (हीटिंग जवळजवळ लागत नाही असं घर) तोडीची केली. हीटिंगचं बिल किरकोळ. पुढचा दगड तसाच. पाडून नवी बांधली असती तर तेवढा सगळा दगड, चुना, लाकूड कचऱ्यात आणि नवं सिमेंट भट्टीतून.

चुनखडी

नीड्री रोड मी आतून पाहिलीय, काम उत्तम आहे. पण ते जमलं कारण आठही फ्लॅट रिकामे होते आणि मालक एकच होता. परत त्याच जागी आलो. आठ वेगळ्या मालकांच्या जिन्यात हे करून दाखवा, मी स्वतः येऊन फुकट दरजा भरून देईन.

टवाळ

चुनखडींचं वाक्य स्क्रीनशॉट काढून ठेवलंय. पोलिश सुताराला कळवा.

निमित्तमात्र

कळवा, पण आधी वरच्या बाईंना विचारा, बादली आता रिकामी असते का.

क्लाइडकाठचा

रिकामी असते. तळमजल्यावरच्याचे पैसे मात्र अजून यायचेत.